मेंढ्या धुतलेला डोह

ओढ्याच्या डोहातले मासे मेले आणि रहिमतपूरजवळच्या त्या गावाने दोष बनुबाईच्या मेंढ्यांना दिला. विट्याकडून कळप घेऊन आलेल्या बनुबाईने लोकर कातरण्याआधी मेंढ्या त्याच डोहात धुतल्या होत्या. फौजेतून परतलेले ऊसवाले लालासाहेब माणसं घेऊन काठावर उभे राहिले. आसपासच्या कोणत्याच ओढ्याला मेंढरू लागू द्यायचं नाही, असं ठरलं होतं. कळप आदल्या दिवसापासून तहानलेला. जिल्ह्याहून मला पाणी तपासायला बोलावलं होतं, पण त्यांना तपासणी नको होती, शिक्का हवा होता.

मी आधी आसपासच्या ओढ्यांचे गट पाडले. खडक, उतार, मातीची जाडी, उन्हाळ्यात पाणी कुठून येतं, यांत जे सारखे तेच शेजारी ठेवून बघायचे. विट्याकडच्या कोरड्या ओढ्याशी तुलना करून काहीच कळलं नसतं. टेकडीपलीकडचा ओढा मात्र सगळ्या बाबतींत याच्यासारखा निघाला. बनुबाईने अर्धा कळप तिथे धुतला होता आणि तिथले मासे जिवंत होते. फरक एवढाच, की तिथे काठाला ऊस नव्हता. इथे उसावर औषध मारून झालं की फवारणीचे पंप याच डोहात खळबळत.

हे मी काठावर सांगितलं.

“तुमी धनगरांचं वकील हायसा व्हय?” लालासाहेब म्हणाले. माणसं हसली.

बनुबाईही माझ्यावरच उखडली. “सकाळधरनं ओढं बघत हिंडतोयास. मेंढरं मरायची वाट बघतोस व्हय रं?”

लालासाहेब मेंढ्यांचंच धरून बसले. औषध किड्यांना मारतं, माशांना नाही, असं त्यांचं म्हणणं. मग तुमच्या बैलांना या डोहावर पाणी पाजा, असं मी म्हणालो. त्यांचा गडी कृष्णात बैल सोडून उभाच होता. त्याला ते खरंच वाटलं आणि तो कासरा धरून डोहाकडे निघाला.

बैलाने मान खाली घातली तेव्हा लालासाहेब पुढे धावले. कासरा हिसकून म्हणाले, “हितं नको. हिरीवर ने.”

बनुबाईने कोणाला न विचारता कळप डोहाच्या वरच्या अंगाला, वाहत्या पाण्यावर घातला. वाटेतली माणसं बाजूला झाली, पण एकाने जाता जाता तिच्या कुत्र्याला दगड मारला.

लालासाहेबांकडे माझं जेवण सांगितलेलं होतं. त्यांनी मला एसटीचा फाटा दाखवला.