काच चाटणाऱ्याचं पोट

मी प्लेको बोलतोय. ओळखलं नाहीत? काचेला तोंड चिकटवून, पोट तुमच्याकडे करून बसलेला तो काळपट, ठिपक्याठिपक्यांचा मासा असतो ना, तोच. दुकानात मला सकर म्हणायचे, लहान मुलं मगरमासा म्हणतात, आणि ज्या घरात मी आलो तिथे माझं नाव पडलं ‘साहेब’. दिवसभर मी कोपऱ्यात पडून असतो आणि कुणी दिवा लावला की डोळा अर्धा मिटून बघतो, म्हणून. खरं तर उजेड वाढला की माझ्या बुबुळावर आपोआप पडदा उतरतो. पण घरातल्यांना वाटतं मी डोळा मारतो. वाटू द्या, माझं काय जातंय!

माझा जन्म एका मातीच्या तळ्यातला. भावंडं किती होती कोण जाणे, आम्ही कधी मोजलो गेलो नाही. बोटाएवढा झालो तेव्हा जाळ्यात आलो, मग पिशवीत, मग दुकानातल्या टाकीत. तिथे मी पहिल्यांदा माणूस निरखून पाहिला आणि तेव्हापासून मला या प्राण्याचं भारी कुतूहल आहे. ‘मरायलाही वेळ नाही’ म्हणत आत येतो आणि अर्धा तास आमच्याकडे तोंड उघडं टाकून बघत उभा राहतो. काचेवर टकटक करतो, आणि आम्ही दचकलो की खूश होतो. आम्ही कधी कुणाच्या दारावर असं केलंय का?

एक दिवस एक टपालवाला आला. त्याला बायकोच्या वाढदिवसाला काहीतरी द्यायचं होतं. घरी दोन फुटी टाकी होती, तीत एक चंदेरी एंजल मासा होता, आणि बायको काच घासून घासून थकते म्हणाला.

‘‘मग हा न्या की,’’ दुकानदार माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. ‘‘काच चाटतो, घाण खातो, स्वतःचं पोट स्वतः भरतो. याला वेगळं काही घालायला नको.’’

इथे मला मध्येच बोलू द्या, कारण हा गैरसमज मला फार झोंबतो. मी शेवाळ खातो, घाण नाही. उलट घाण करण्यात माझा हात, म्हणजे माझं जे काय असेल ते, कुणी धरणार नाही. पण पिशवीतून कुणाला सांगणार? निघालो मुकाट्याने.

घर दोन खोल्यांचं. टपालवाला, त्याची बायको आणि त्याचे वडील. वडील शिंपी. वय झालं होतं तरी अजून लोकांच्या पँटी आखूड करून द्यायचे, चेन बदलून द्यायचे. आणि सूनबाई दाताच्या दवाखान्यात हत्यारं उकळून निर्जंतुक करायची. स्वच्छता म्हणजे तिचा जीव की प्राण. तिच्या हाताखालून गेलेला चमचासुद्धा ऑपरेशनला चालला असता.

मी आलो त्या दिवशी तिने मला खूप वेळ पाहिलं. मग म्हणाली, ‘‘अय्या, किती साधा आहे बिचारा.’’ मला कुणी साधा म्हणण्याची ती पहिलीच वेळ. बरं वाटलं.

पण पहिल्याच रविवारी मी पाहतो तर काय, बाई बाह्या सरसावून टाकीत हात घालून उभ्या! स्पंजने चारी काचा आतून लख्ख केल्या आणि मला म्हणाली, ‘‘झालं हं साहेब, आता करा तुमचं.’’

‘‘अगं, त्याच कामाला त्याला आणलाय ना!’’ नवरा ओरडला.

‘‘म्हणून काय सगळं त्याच्या अंगावर टाकायचं? कुणाला कामाला बोलवायचं आणि आपली घाण दाखवायची, लाज नाही वाटत?’’

काही घरांत कामवाली यायच्या आधी मालकीणच केर काढून ठेवते म्हणे. तशातली ही बाई. मला आधी गंमत वाटली. कुठल्या मालकिणीला आपल्या माशाची लाज वाटते, सांगा बरं!

गंमत फार दिवस टिकली नाही. काच स्वच्छ म्हणजे माझं ताट स्वच्छ. एंजलला, तिचं नाव राणी, दिवसातून दोनदा वरून खाणं पडायचं. ते वरच्या वर संपायचं, उरलंसुरलं फिल्टर ओढून घ्यायचा. खडकाच्या मागे बाईचा स्पंज पोचत नसे, तिथे मला थोडं हिरवं मिळायचं. लहान होतो तोवर त्यावर भागलं. पण आमची जात वाढते हो! वर्ष सरलं तोवर मी वीतभर झालो होतो. टाकीत वळायचं तर शेपूट दुमडावी लागायची. वर डोकं मुठीएवढं आणि खाली पोट खपाटीला. आमचं पोट खालच्या बाजूला असतं ना, आणि मी सदा खडकाला चिकटलेला; वरून बघणाऱ्याला वाटतं, काय मस्त वाढतोय साहेब!

आता जे सांगणार आहे त्याची मला लाज वाटते, पण लपवणार नाही. एका दुपारी राणी माझ्या शेजारी शांत उभी होती. तिच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, सगळ्या माशांच्या असतो. भूक माणसाला काय काय करायला लावते हे तुम्हाला माहीत आहे; माशाचंही तेच. मी तिच्या कुशीला तोंड लावलं. ती तडफडून सुटली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी तिच्या अंगावर नखाएवढा पांढरा डाग पडला, आणि तो रविवार होता.

‘‘अहो, धावा! साहेब राणीला खातोय!’’

टपालवाला धावत आला. त्याने डाग पाहिला आणि तडकलाच. ‘‘असला आस्तनीतला निखारा घरात नको. आत्ताच्या आत्ता तळ्यात सोडून येतो.’’

तळं! पिंजऱ्यातून सुटका, असं तुम्हाला वाटलं असेल. मला तर धडकी भरली. जन्म तळ्यातला असला तरी पुढचं आयुष्य गेलं कोमट पाण्याच्या टाकीत, आणि तिथलं पाणी कसं, थंडी किती, कुणाला ठाऊक? मी मेलो असतो, किंवा जगलो असतो तर तिथल्या माशांचे हाल केले असते.

त्याने जाळी घातली. घाबरलो की आमचे काटे ताठ होतात. जाळीत ते असे अडकले की मला पुढे जाता येईना ना मागे. त्याने मला बाहेर काढून हिसका दिला. माझ्या कल्ल्याशी काहीतरी फाटलं.

‘‘ओढू नकोस रे गाढवा!’’ आतून शिंपीबाबांचा आवाज आला. ‘‘ओढलं की फाटतं. उसवायला शीक जरा.’’

त्यांनी परातीत टाकीतलंच पाणी घेतलं, मला जाळीसकट त्यात ठेवलं आणि धागे कापायची छोटी कात्री आणली. चष्मा नाकावर ओढला. एकेक गाठ कापत गेले. हात कसला हलका! कापताकापता त्यांचा तळवा माझ्या पोटाखाली गेला आणि तिथेच थांबला.

‘‘सूनबाई, इकडे ये. हात लाव इथे.’’

‘‘नको बाबा, मला भीती वाटते.’’

‘‘लाव म्हणतो ना.’’

तिने बोट लावलं. पोट असायला हवं तिथे खड्डा होता.

‘‘याला खायला काय घालता?’’ बाबांनी विचारलं.

‘‘त्याला घालावं लागत नाही,’’ मुलगा म्हणाला. ‘‘काच चाटतो तो.’’

बाबांनी टाकीकडे पाहिलं. ‘‘कुठली काच? या काचेत बघून मी दाढी करीन.’’

मग बाई मटकन खाली बसली. ‘‘म्हणजे मीच... दर रविवारी मीच याच्या तोंडचा घास पुसत होते, बाबा.’’ आणि ती रडायला लागली. ‘‘मला वाटायचं, त्याला आराम मिळेल.’’

मला तेव्हा हात असते तर मी तिचे डोळे पुसले असते. राग? होता ना, वर्षभराचा होता. पण तिचं रडणं पाहून कुठे गेला कळलंच नाही.

त्या दिवशी राणीला बादलीत हलवलं आणि मला काकडीची चकती मिळाली, स्टीलच्या काट्याला खोचून तळाशी सोडलेली. पहिला तास मी संशयाने बघत होतो. नंतरचं विचारू नका. सकाळी फक्त सालीचं कडं उरलं होतं.

बाईने फोनवर वाचायचा सपाटा लावला आणि घरात रोज नवी बातमी. ‘‘अहो, याला बुडणाऱ्या गोळ्या लागतात!’’ ‘‘याला लाकूड लागतं चघळायला!’’ लाकूड आलं, आणि चार दिवसांत पाणी चहासारखं झालं. स्वच्छतेची देवी हादरली. लाकूड फेकायला निघाली होती, पण तेही वाचलं तिने, की हा रंग बाधत नाही. दात-ओठ खाऊन गप्प बसली. शेवटची बातमी मात्र वाईट होती. ‘‘बाबा, हा फूट-दीड फूट होतो म्हणे.’’

बाबांनी टेप आणून मला मोजलं, टाकी मोजली. ‘‘वाढत्या अंगाचा कपडा शिवताना आत माया सोडतात. इथे तर आत्ताच शिवण ताणलीय.’’

‘‘पण मोठी टाकी ठेवायची कुठे?’’ टपालवाला म्हणाला. ‘‘दुकानातच परत देऊ या. दुसरा कुणी नेईल.’’

दुसरा कुणी म्हणजे दुसरी दोन फुटी टाकी. मला ते कळत होतं. बाईलाही कळलं असावं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

घरात लांबरुंद अशी एकच गोष्ट होती, बाबांचं कापड कापायचं टेबल. सहा फुटी, जाड लाकडाचं. बाबा उठले, त्यावरचं कापड गोळा केलं आणि म्हणाले, ‘‘मला पँट आखूड करायला हातभर जागा पुरते. मागची भिंतीकडची बाजू त्याची.’’

‘‘बाबा, तुमचं टेबल...’’

‘‘टेबल माझंच आहे. म्हणून तर देतोय.’’

गवंड्याने टेबलाखाली विटांचे खांब उभे केले. वर पाच फुटी टाकी चढली, मोठा फिल्टर लागला. राणीचा डाग भरला आणि तीही आली. पोट भरलेलं असल्यावर मला तिच्या कुशीत काही रस नाही. बाई दर आठवड्याला पावभाग पाणी बदलते. मला हलवायचं झालं तर जाळी नाही, डबा. बाबा समोर बसून शिवतात आणि मी त्यांचं निरखतो. सुईत दोरा ओवताना ते जीभ का बाहेर काढतात, हे कोडं अजून सुटलेलं नाही.

तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर एवढं ऐका. काच चकचकीत दिसली की त्याचं कौतुक करू नका. आधी त्याच्या पोटाकडे बघा. आणि घरी आणण्याआधी टेप काढा, नंतर नको.

परवा टपालवाल्याची बहीण आली होती. टाकीची मागची काच पुरती हिरवीगार. मी तिथेच चिकटलो होतो.

‘‘वहिनी, तुझ्या घरात ही काच अशी? पुसत नाहीस?’’

बाईचा हात स्पंजाकडे गेला. मी पाहिलं, गेला. मग तिने तो पदराला पुसला आणि म्हणाली, ‘‘तो जेवतोय गं. जेवत्या ताटावरून उठवू नये कुणाला.’’