खुटेकर

"अप्पा, आडनाव बदलायलोय मी," भीमाशंकर एका दमात बोलून गेला आणि त्यानं मान खाली घातली.

मुडबी गावातल्या घरी अंगणात त्याचे वडील लिंगाप्पा शेंगा फोडत बसले होते. त्यांचे हात थांबले. "कामून?"

भीमाशंकर बसवकल्याणच्या एका कॉलेजात बावीस वर्षं शिपाई. 'खुटेकर'चं 'खुंट्या' पहिल्याच आठवड्यात झालं होतं. "खुंट्या, माझी पिशवी अडकव रे तुझ्यावर," असं म्हणत सगळे हसायचे. तोही हसायचा. पण यंदा त्याची मुलगी श्रीदेवी त्याच कॉलेजात गेली आणि हजेरीला मागून कुणीतरी 'खुंटी' म्हणालं. त्या दिवशी पोरगी जेवली नाही. आडनाव बदलायचं त्यानं तेव्हाच ठरवलं. पण म्हाताऱ्याला सांगायचा धीर होत नव्हता. घराण्याचं नाव टाकलं म्हणून अप्पांनी बोलणंच सोडलं तर?

त्यानं सगळं सांगितलं. लिंगाप्पा चक्क हसले.

"तेवढंच व्हय? बदल की! ते नाव काय देवानं दिलेलं न्हाई, धंद्यानं दिलंय. माझा आजा घोंगड्या विणायचा. अंगणात खुटे ठोकून त्याला लोकरीचा ताणा, म्हंजी घोंगड्याचे उभे धागे, लावायचा. बाजारात कुणी पुसलं, घोंगडं कुणाचं, तर खुटेवाल्याचं. तेच पुढं शाळेत लागलं."

भीमाशंकर बघतच राहिला. "हे तुमी कधी सांगितलंच न्हाई."

"तू इचारलास कवा? माग बंद पडला तवा तू रांगत होतास. मला वाटलं, तुला लाज वाटत असंल."

भीमाशंकरला एकदम हलकं वाटलं.

दारातून ऐकत उभी असलेली श्रीदेवी बाहेर आली. "अज्जा, ताणा कसा लावायचे? आता कुणी हसलं तर मलाबी सांगता याया पाहिजे."

"मग नाव ऱ्हाऊ द्यायचं म्हन की!"

"ऱ्हाऊ द्या," श्रीदेवी म्हणाली.

लिंगाप्पांनी दहा पावलांच्या अंतरावर दोन काटक्या रोवायला लावल्या. मग नसलेला धागा चिमटीत धरून ते एका काटकीपासून दुसरीकडे निघाले. तिथं वळसा घातला, परत आले, पुन्हा निघाले. चाल संथ, बोटं मात्र तरण्या माणसाची.

मध्ये उभा असलेला भीमाशंकर धाग्यांना पाय लागू नये म्हणून हळूच बाजूला सरकला.