दोन गोळ्या उरलेली पट्टी

मी एक जुनी गोळ्यांची पट्टी आहे. माझ्या सात खणांपैकी पाच फुटलेले आहेत आणि दोन अजून बंद आहेत. त्या दोन खणांत काय आहे ते मला ठाऊक आहे. म्हणूनच मित्रांनो, कपाटाची कडी वाजली की आजही माझ्या चंदेरी अंगावर काटा येतो.

माझा जन्म एका स्वच्छ, थंड कारखान्यात झाला. टोप्या आणि हातमोजे घातलेल्या माणसांनी पांढरी भुकटी दाबून गोळ्या केल्या, आम्हा पट्ट्यांच्या खणांत त्या बसवल्या आणि वरून चांदीसारखा पातळ पत्रा चिकटवला. आम्ही चार बहिणी एका खोक्यात शेजारी शेजारी झोपलो. सोबतीला आठ घड्या घातलेला एक कागद होता. त्याच्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत आमचं सगळं गुणदोषांचं पुराण लिहिलं होतं.

आमचं काम ऐका. नखाच्या खाली बुरशी शिरते. नख पिवळं पडतं, जाड होतं, भुसभुशीत होऊन तुटतं. वरून कितीही मलम चोळा, ते आत पोचता पोचत नाही. मग आम्हाला पोटातून रक्तात आणि रक्तातून नखाच्या मुळाशी जावं लागतं. पायाच्या नखासाठी रोज एक, असे जवळजवळ तीन महिने. तेवढ्यानेही नख लगेच चांगलं दिसत नाही. ते आपल्या मुंगीच्या पावलांनी वाढणार. अंगठ्याचं नख पुरतं नवं यायला वर्ष लागतं. पण त्या वाटेवर यकृताचं घर लागतं, आणि आमचं ओझं त्याला उचलावं लागतं. बहुतेकांचं यकृत ते बिनतक्रार उचलतं. एखाद्याचं आधीच वाकलेलं असतं. म्हणून डॉक्टर आधी रक्त तपासतात. एवढंच आमचं भय आहे, पण ते खरं आहे.

आता मी ज्या घरात आले, त्या घराचं सांगते.

ते एक धुलाईघर होतं. पुढच्या मोठ्या खोलीत यंत्रं आणि टब, मागे दोन खोल्यांत राहणं. रुग्णालयांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे यायच्या. फरशी दिवसभर ओली आणि पायांत दिवसभर रबरी बूट. घरात एक भाऊ आणि त्याची थोरली बहीण. भावाला सगळे पारखी म्हणत, कारण पांढऱ्या रंगाच्या दहा छटा तो उभ्या उभ्या ओळखायचा. "हे दुधी, हे राखेचं, हे जुन्या साबणाचं," असं बोट ठेवून सांगायचा. नव्या कामगाराने रेशमी वस्त्र सोड्यात टाकलं की ओरडायचा, "अरे, आधी कापड बघ, मग डाग बघ! डाग एकच असला म्हणून सगळ्यांना एकच औषध असतं होय?"

बहिणीला सगळे ताई म्हणत. ती चादरी खळबळताना देवाचं नाव गुणगुणायची. तिचा सूर यंत्राच्या घरघरीवरून तरंगत यायचा आणि कामगारांचे हात त्या ठेक्यावर चालायचे.

मी येण्याआधीची हकीकत मी पुढे त्यांच्याच तोंडून ऐकली. दोघांच्याही पायांच्या अंगठ्यांची नखं बिघडली होती. पारखी डॉक्टरांकडे गेला. त्यांनी नखाचा तुकडा कापून तपासायला पाठवला, रक्त तपासलं, मग गोळ्या लिहून दिल्या. ताई मात्र हटून बसली.

"नख दाखवायला डॉक्टरांकडे? लोक हसतील मला."

"मग माझ्यातल्याच घे. एकाच डागाची दोन वस्त्रं एका टबात निघतात."

"अरे, पण मागच्या वर्षी यकृताला सूज आहे म्हणाले होते. मी पुन्हा गेलेच नाही. अजून कधी कधी इथे पोटात जड वाटतं."

"ताई, हे नखाचं औषध आहे. नखात जाईल. पोटाशी त्याचं काय देणंघेणं?"

मित्रांनो, तो वाईट माणूस नव्हता. बहिणीवर जीव होता त्याचा. त्या जिवापोटीच तो केमिस्टकडे जाऊन खोटं बोलला.

"इतक्यात संपल्या?" केमिस्टने विचारलं.

"हरवल्या हो. पिशवीच कुठे राहिली कोण जाणे."

"रक्ताची तपासणी झाली आहे ना?"

"झाली की. हा बघा कागद."

कागद भावाच्या रक्ताचा होता आणि आम्ही बहिणीच्या पोटात जाणार होतो.  घरी आल्यावर आठ घड्यांचा तो कागद त्याने न उघडताच टाकून दिला आणि आम्हाला कपाटाच्या एका खणात ठेवलं. त्या खणात चादरींच्या घड्यांत आणि शर्टांच्या खिशांत सापडलेली बटणं आणि पिना असायच्या.

रोज सकाळी कपाटाचा तो खण उघडायचा. "चट्" असा आवाज व्हायचा आणि एक गोळी जायची. पहिली बहीण रिकामी झाली, दुसरी झाली. मी त्यांच्या खाली पडून ताईच्या आवाजाकडे कान लावायचे. दोन आठवड्यांनी ती म्हणाली, "जेवणाला चवच नाही रे." भाऊ म्हणाला, "मीठ वाढव." मग ती दुपारी थकून बसू लागली. मग अंगाला खाज सुटली. तिसरी बहीणही रिकामी झाली आणि माझी पाळी आली.

देवा, काय ते दिवस! माझ्याच पोटातली गोळी, माझ्याच कुशीतून निघणार, आणि मला ओठ नाहीत, हात नाहीत. चट्. एक गेली. चट्. दुसरी गेली. तिसऱ्या दिवशी ताईने खणाच्या कडेला हात टेकला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. त्या दिवसापासून तिचं गुणगुणणं बंद झालं. यंत्रं घरघरत होती, पण त्यांच्यावरचा सूर गेला होता. त्या शांततेची मला जेवढी भीती वाटली, तेवढी कशाचीच वाटली नाही. तरी ती गोळी घेतच राहिली. भावाने प्रेमाने दिली होती ना.

पाचवी गोळी गेली त्या दिवशी दोघं एक धुतलेली चादर ताणून धरत होते. खिडकीतून ऊन आलं. पारखीने सवयीने पांढऱ्यावर नजर फिरवली आणि ती नजर चादरीच्या वरच्या काठावर थबकली. तिथे ताईचा चेहरा होता.

"ताई, डोळे उघड. इकडे बघ."

"काय झालं?"

"पिवळे आहेत. ताई, तुझे डोळे पिवळे आहेत!"

मळलेल्या कपड्यांत जे महिनाभर लपलं, ते पांढऱ्याशेजारी एका क्षणात उघडं पडलं. त्याने धावत येऊन खण ओढला, मला उचलून शर्टाच्या खिशात कोंबलं आणि ताईला घेऊन निघाला. त्याच्या काळजाचे ठोके माझ्या पाठीवर आदळत होते.

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी ताईचं पोट दाबून पाहिलं. "लघवी कशी होते?"

"चहासारखी," ताई पुटपुटली.

"कुठली औषधं चालू आहेत?"

आपली चूक उघडी पडेल या भीतीने पारखी म्हणाला, "नाही, कुठलीच नाही."

मित्रांनो, मी त्याच्या खिशात होते! एका कापडाच्या आड. ताईने भावाकडे पाहिलं आणि डोळे मिटले. तो उघडा पडू नये म्हणून ती आपला जीव गप्प ठेवून पडली होती.

"नीट आठवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कारण कळलं नाही, तर मी अंधारात चाचपडत बसेन. आणि तेवढा वेळ यांच्याकडे नसेल."

त्याचा हात खिशावर आला. थांबला. त्याच्या बोटांचा घाम माझ्या पत्र्याला लागला. मग त्याने मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं आणि लहान मुलासारखा हुंदका दिला. "मीच दिल्या. माझ्या होत्या. तिच्या यकृताला सूज आहे हे तिने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

त्यांनी रागावण्यात वेळ घालवला नाही. माझ्यावरचं नाव वाचलं, शिल्लक गोळ्या मोजल्या आणि कामाला लागल्या. औषध बंद झालं, ताई तिथेच राहिली. त्यानंतरचे कितीतरी दिवस तराजू कुठे झुकेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

एका दुपारी भाऊ तिच्या उशाशी मान घालून बसला होता. ताईने हळूच त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मोठा पारखी ना तू? डाग बघितलास आणि कापड बघायला विसरलास."

देवाची दया आणि डॉक्टरीणबाईंचे हात, ताई वाचली. डोळे पांढरे व्हायला दोन महिने गेले. भावाचं नख मुळापासून स्वच्छ आलं. ताईचं तसंच जाड राहिलं. आता ती डॉक्टरांनी सांगितलं तसं ते घासून पातळ करते, पाय कोरडे ठेवते, आणि त्याला हसणाऱ्यांबरोबर स्वतःही हसते.

आपल्या चुकीची आठवण म्हणून पारखीने मला कपाटात कुलपाआड ठेवलं. त्याला वर्ष झालं. काल ताई त्याला म्हणाली, "आठवण मनात ठेव की. ही कुणाच्या हाती लागली तर?" म्हणून आज तो मला केमिस्टकडे परत देणार आहे. तिथे माझ्यासारख्या उरलेल्यांना नष्ट करायला पाठवतात. मित्रांनो, नष्ट होण्याची मला भीती नाही. भीती आहे ती माझ्यासारख्या घराघरांतल्या पट्ट्यांची, ज्या कुणीतरी प्रेमाने दुसऱ्याच्या हातावर ठेवील. एकाच्या नावाचं औषध दुसऱ्याला देऊ नका. आमच्यासोबतचा कागद उघडून वाचा. आणि डॉक्टरांनी विचारलं, तर खिशावर हात ठेवून थांबू नका.

कडी वाजली. पारखी आला. बाहेर टबापाशी ताई चादर खळबळते आहे, आणि गुणगुणते आहे.