माझी डावी बाजू

मित्रांनो, जरा माझ्या उजव्या बाजूला येऊन उभे राहा. हं, तिथेच. तिथून मी बरा दिसतो.

मी चित्रकारांचा लाकडी पुतळा आहे, शंभरी केव्हाच ओलांडलेला. कपड्यांच्या दुकानात काचेमागे उभे असतात ते माझे दूरचे नातेवाईक. पण त्यांना नुसतं उभं राहता येतं. माझ्या खांद्यांत, कोपरांत, गुडघ्यांत लाकडी गोळे बसवलेले आहेत. वाकवाल तसा मी वाकतो आणि ठेवाल तसा तासन्‌तास राहतो. जिवंत माणसाच्या पायाला मुंग्या येतात, मला येत नाहीत, म्हणून चित्रकार मला बाळगत. उंचीने मी सात-आठ वर्षांच्या मुलाएवढा. तोंड मला कोरलेलंच नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे ते लागणार आहे.

मला पॅरिसच्या एका कारागिराने घडवलं आणि ग्लासगोच्या अ‍ॅलिस्टर नावाच्या तरुण चित्रकाराने विकत घेतलं. तो मला मखमली झगा घालायचा, हातात तलवार द्यायचा आणि माझ्याकडे बघून शूर राजपुत्र रंगवायचा. माझ्या डाव्या हाताची बोटं इतकी नाजूक होती की येणाऱ्या बायका ती हातात घेऊन बघत. मी चांगलाच शेफारलो होतो. अ‍ॅलिस्टरचा धाकटा भाऊ इअन कविता करायचा. त्याही तशाच सुबक होत्या, चंद्र, फुलं आणि ओळीच्या शेवटी न चुकता जुळणारं यमक.

मग पहिलं महायुद्ध सुरू झालं. दोघे भाऊ फ्रान्सला लढायला गेले आणि मी चादरीखाली उभा राहिलो. बऱ्याच काळाने चादर निघाली तेव्हा समोर दोघेही होते. इअनच्या कोटाची डावी बाही मात्र रिकामी होती. ती खांद्याशी टाचणीने टाचली होती.

अ‍ॅलिस्टर मला समोर ठेवून पुन्हा चित्र काढायला बसला. एक कागद फाडला, दुसरा फाडला. शेवटी म्हणाला, "हा पुतळा खोटं बोलतोय. असा धडधाकट माणूस मी कित्येक वर्षांत पाहिलेला नाही." तो उठला आणि करवत घेऊन आला. मी हलू नये म्हणून इअनने मला त्याच्या उरलेल्या हाताने घट्ट धरलं. माझा डावा हात खांद्यापासून कापला गेला. अ‍ॅलिस्टरने माझ्या पायाशी एक पाटी ठेवली, तिच्यावर एकच शब्द होता, 'माणूस'.

त्या दिवसांत हे फक्त ग्लासगोतच चाललं नव्हतं. झुरिकमध्ये, बर्लिनमध्ये, पॅरिसमध्ये चित्रकार वर्तमानपत्रं कापून वेडीवाकडी चिकटवत होते, चेहऱ्यांचे तुकडे रंगवत होते. कवी अर्थ नसलेले आवाज मोठ्याने म्हणत होते. ज्यांनी खंदकात मित्रांची दशा पाहिली, त्यांना नीटनेटकी चित्रं आणि गोड यमकं खोटी वाटायला लागली होती. इअनसुद्धा आता अर्धी ओळ लिहून पुढचं पान कोरं सोडायचा. छापखान्याची चूक म्हणून लोक ती पुस्तकं परत आणून देत. तो म्हणायचा, "जे गेलं त्याची जागा मी भरणार नाही."

मला हे काही कळत नव्हतं. मला फक्त लाज वाटत होती. पहिल्याच प्रदर्शनात एका बाईने आपल्या मुलाचे डोळे झाकले. एका गृहस्थाने मला लाजिरवाणा म्हटलं, आणि माझं मत त्याच्याहून वेगळं नव्हतं. पुढे मला माळ्यावर टाकलं तेव्हा इतर कोणी रडलं असतं. मी सुखावलो, कारण तिथे डाव्या बाजूला भिंत होती.

परवापरवा इअनच्या नातीने, इसोबेलबाईंनी, मला खाली काढलं. त्यांच्या ओळखीची तनिषा नावाची मुलगी ग्लासगोत एका छोट्या गॅलरीत काम करते. युद्धाने कला आणि कविता कशा बदलल्या, यावर ती तिचं पहिलंवहिलं प्रदर्शन भरवत होती. इसोबेलबाईंनी घरातली वस्तू आजवर कोणाला दिली नव्हती. मला मात्र तिच्यावर विश्वास ठेवून दिलं. गॅलरीत रंगकाम चाललेलं, म्हणून तनिषाने मला तिच्या फ्लॅटवर ठेवलं आणि चित्रं आणायला ती दोन दिवस लंडनला गेली.

घरात तिचे आजोबा होते, शशिधर. नातीचं प्रदर्शन बघायला लंडनच्या स्टॅनमोर भागातून मुद्दाम आलेले. निवृत्त होईपर्यंत त्यांनी पुण्यात लष्करी रुग्णालयाच्या वर्कशॉपमध्ये जायबंदी जवानांना कृत्रिम हातपाय बसवले होते. चहाचा कप घेऊन ते माझ्यासमोर बसले आणि बराच वेळ माझ्या खांद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टेप काढली आणि माझ्या उजव्या हाताचं माप घेतलं.

चॅरिटी शॉपमधून त्यांनी एक मोडकी खुर्ची आणली. तिच्या पायाचा हात तासला, कोपर केलं, बोटं कोरली, पॉलिश पेपरने घासली. पट्ट्यासाठी चामडं मिळेना, तेव्हा स्वतःच्या कमरेचा पट्टा कापला आणि हात माझ्या खांद्याला बकलाने बसवला. "घ्या जवान," ते म्हणाले. "आता चारचौघांत जायला हरकत नाही."

काय सांगू मित्रांनो, मला किती बरं वाटलं. समोरच्या आरशात दोन हातांचा मी उभा होतो, पुन्हा राजपुत्र.

तनिषा परतली ती इसोबेलबाईंनाच बरोबर घेऊन. दार उघडलं आणि ती जागच्या जागी थांबली.

"आजोबा, हे काय केलं तुम्ही?" तिचा आवाज अगदी बारीक झाला. "त्याला हात नव्हता, दॅट वॉज द होल पॉइंट. उद्या ओपनिंग आहे. आता मी इसोबेलला काय सांगू?"

"अगं, मला वाटलं मोडलाय," आजोबा म्हणाले. "हात नसलेला माणूस समोर आला की माझ्याच्यानं बघवत नाही." एका हाताने सैल झालेली पँट धरून ते शाळकरी पोरासारखे खाली मान घालून उभे होते.

इसोबेलबाईंनी नवी बोटं हळूच चाचपली. मग त्या इंग्रजीतच, पण सावकाश, आजोबांना कळेल असं बोलल्या. "इअनना सरकारने दिलेला हात इतका सुरेख नव्हता. त्यांनी तो कधीच घातला नाही. बाही टाचून गावभर हिंडायचे. कोणी नजर चुकवली, तर मुद्दाम त्याच्याशीच बोलत थांबायचे." बोटं सोडून त्या म्हणाल्या, "प्लीज, हा काढा."

आजोबांनी स्वतःच बकल सोडलं. हात निघाला तरी ते माझ्यासमोरून हलले नाहीत.

"तनू, किती जवान आले माझ्याकडे," ते म्हणाले. "प्रत्येकाचं माप घेतलं. हात हवाय का, हे एकालाही विचारलं नाही."

तनिषाने ते इसोबेलबाईंना इंग्रजीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुष्कळांना हवाच असेल." पण आजोबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते माझ्याकडे वाकून बघत होते.

"तुला हवा होता का रे?"

मला तोंड नाही, म्हणून मी सुटलो. तुम्हाला मात्र सांगतो. हो, हवा होता. ज्याचा खरा हात गेला त्याने मला एका हाताने धरून ठेवलं होतं, आणि तो टाचलेली बाही घेऊन गावभर ताठ मानेने फिरला. मी नुसतं लाकूड, आणि मला एक हात लावून राजपुत्र व्हायचं होतं. पहिली लाज हाताची होती. आताची त्याहून मोठी आहे.

नवा हात पिशवीत घालून आजोबा स्टॅनमोरला गेले. मी गॅलरीत उभा आहे. तनिषाने माझा डावा खांदा दाराकडे केला आहे, आत येणाऱ्याला आधी तोच दिसतो.

जुन्या वस्तू सांभाळा, मोडलं ते दुरुस्त करा, असं आत्मकथा सांगणारे माझे भाऊबंद तुम्हाला नेहमी सांगतात. त्यांचं खरं आहे. पण हात लावण्याआधी विचारा. मी बोलू शकलो नाही, तर मला ओळखणाऱ्याला विचारा.

आणि आता, मित्रांनो, उजवीकडून हला. या, डाव्या बाजूला या. मला लाज वाटेल, वाटू दे. तुम्ही मान वळवू नका.