सत्तावीस नंबरचा पर्चा

विनयाने टाचणी नखाने उचकटली, कागदाचा कोपरा वर केला आणि खालचा नंबर वाचला. एकोणीस. तिने टाचणी होती तिथे पुन्हा खुपसली आणि शेजारच्या कागदाकडे वळली.

"आंटीजी, चाय?" मागून कोणीतरी विचारलं. तिने न बघताच मान हलवली.

फरीदाबादच्या त्या बंद कारखान्यात पूर्वी पत्रे ठोकले जायचे म्हणे. आता त्याच्या सर्वांत लांब भिंतीवर छतापर्यंत कागद टाचले होते, हजारो. वरचे नुसते झेरॉक्स होते, पण डोळ्यांच्या उंचीवरची रांग खरी होती. तिच्या मुलीने, वल्लरीने, सकाळी टॅक्सीत ते सहज सांगितलं होतं, मोबाईलवरची नजर न काढता.

"आमचे पर्चे सेटवर लावलेत. असलीवाले. प्रत्येकाचा एक. माझा सत्तावीस नंबर."

तेव्हापासून विनयाला ती भिंत कधी एकदा बघते असं झालं होतं.

सिनेमा एका कादंबरीवरून होत होता. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी डोक्यावर घेतलेली कादंबरी. वल्लरीने तीनदा वाचलेली. कादंबरीतल्या शहरात प्रत्येक मुलाला रोज रात्री एक पर्चा भरून सरकारात द्यावा लागतो: आज घरात कोण काय बोललं, कोण रडलं, कोणाची भीती वाटते. ज्या घराचा पर्चा वाईट, ते घर महिन्याभरात रिकामं होतं. वल्लरीला त्या शहरातल्या एका मुलीचं काम मिळालं, पाच-सहा वाक्यांचं, तेव्हा विनयानेच पेढे वाटले होते. मग नोएडाच्या ऑफिसात पंधरा दिवसांची कार्यशाळा झाली. तिथल्या अभिनयाच्या मास्तरांनी तीस मुलांना गृहपाठ दिला: खरे पर्चे भरा, स्वतःच्या घराचे. खोटं लिहिलंत तर कॅमेऱ्याला कळतं.

"कशात लिहिलंस?" विनयाने टॅक्सीत विचारलं होतं.

"मराठीत. ते बोलले, अपनी अपनी भाषा में लिखो. भिंतीवर छान दिसतं."

"आणि काय लिहिलंस?"

"आई, प्लीज यार. होमवर्क होतं ते."

पोरीला काय दोष द्यायचा? पण ते पंधरा दिवस नेमके कोणते होते, ते विनयाला पक्कं ठाऊक होतं. त्याच दिवसांत तिचा नवरा अशोक ऑफिसातून येऊन जेवणाचं ताट पुढे ओढायचा आणि तसाच बसून राहायचा. तो केंद्र सरकारच्या एका बांधकाम खात्यात अभियंता होता. मुलींच्या एका वसतिगृहाची इमारत त्याच्याकडे तपासणीला आली होती आणि तिचे खांब चाचणीत नापास झाले होते. साहेबांना मात्र इमारत पास झालेली हवी होती. आज चारच्या आत अशोकने सही करायची आणि फाईल वर जायची, एवढंच राहिलं होतं. सकाळी बूट घालताना तो म्हणाला होता, "करून टाकतो आज." विनयाचा जीव तेव्हा भांड्यात पडला होता.

आणि आता ही भिंत. पुढेमागे त्या खांबांना काही झालं आणि चौकशी लागली, तर अशोकला आधीपासून सगळं माहीत होतं हे त्याच्याच मुलीच्या अक्षरात इथे टांगलेलं. सिनेमा देशभर दिसणार. मराठी वाचणारे दिल्लीत काय कमी आहेत? अशोकच्याच ऑफिसच्या मजल्यावर तिघे होते. भिंतीला कान असतात हे विनया लहानपणापासून ऐकत आली होती, पण या भिंतीने तर सगळं लिहूनच ठेवलं होतं.

तेवीस. चोवीस. हा गुरुमुखीत. हा बंगालीत, ठिपक्यांऐवजी फुलं काढलेला. सत्तावीस.

वल्लरीचं अक्षर. डावीकडे झुकलेलं, 'ल' मोठा. वर मंगळवारची तारीख.

तो भांडणाचा मंगळवार. विनयाने पर्स काखेत दाबली. टाचणी काढायची, कागद पर्समध्ये टाकायचा आणि बाहेर जाऊन बसायचं, बस्स. तिने हात वर नेला.

"मॅडम, हाथ मत लगाइए!"

कलाविभागातला धीरज धावत आला. गळ्यात टेप, हाताला पांढरा रंग. "फोटो हो चुका है वॉल का। एक भी काग़ज़ हिला तो डायरेक्टर मैडम मेरी जान ले लेंगी।" मग विनया कोणाची आई आहे हे लक्षात येऊन तो जरा मऊ झाला. "वल्लरी की मम्मी हैं न आप? इसी का क्लोज़-अप है, अभी पंद्रह मिनट में। राइटिंग बहुत अच्छी है।"

"ये नहीं चल सकता," विनया म्हणाली. "दूसरा लगा दीजिए."

"क्यों? क्या लिखा है इसमें? मुझे तो मराठी आती नहीं."

"घर की बात है."

"सब में घर की ही बात है, मॅडम," धीरज म्हणाला आणि कोणीतरी हाक मारली तसा शिडीकडे पळाला. पण जाता जाता दोनदा वळून बघितलं त्याने. आता कागद उचलणं शक्य नव्हतं. निदान नेमकं काय लिहिलंय ते तरी कळायला हवं, म्हणून विनयाने चष्मा लावला.

*आज घरात कोण काय बोललं?*

*बाबा बोलले की टेस्ट फेल आहे, मी साइन करणार नाही. आई बोलली की सगळे करतात, तूच काय मोठा लागून गेलास. बाबा बोलले की तिथे मुली राहणार आहेत, वल्लरीएवढ्या. आई बोलली की आपली मुलगी सांभाळ, दुसऱ्यांच्या मुली त्यांचे आईबाप सांभाळतील.*

*कोण रडलं?*

*बाबा. बाथरूममध्ये. नळ चालू करून.*

*घरात कोणाची भीती वाटते?*

*आईची.*

विनयाने शेवटची ओळ पुन्हा वाचली. एकच शब्द होता, त्यात समजून घेण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तिने आपल्या भांडणातला शब्दन् शब्द ओळखला. मुलीने एकही वाढवला नव्हता, एकही गाळला नव्हता. नळाचं तेवढं विनयाला माहीत नव्हतं. त्या दिवशी ती बाहेरून ओरडली होती, अशोक, पाणी जाईल, टाकी भरायचीये. आठवलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. ज्याला वाचवायला म्हणून ती या भिंतीपाशी चोरासारखी आली होती, त्याच्याविरुद्ध या कागदात एक अक्षर नव्हतं. सही झाली तर मात्र हाच कागद त्याला बुडवणार होता. सही झाली नाही, तर कोणीही वाचावा.

घड्याळात सव्वातीन झाले होते.

तिने फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

"अशोक, सही केलीस?"

"फाईल समोर आहे. साहेबांचा माणूस न्यायला आलाय, बाहेर उभा आहे. का गं?"

"करू नकोस."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार लावल्याचा. "काय झालं? कोणी काही बोललं का तुला?"

"नाही. मीच बोलतेय."

"अगं, बदली करतील. कुठे टाकतील सांगता येत नाही. चौकशी मागे लावतील ती वेगळीच. क्वार्टर सोडावं लागेल आणि तिची दहावी..." हे सगळे तिचेच शब्द होते. त्याने पाठ केल्यासारखे ओळीने म्हटले.

"माहितीये मला."

"तुझा आवाज कापतोय, विनया."

"घाबरलेय मी. पण तू सही करू नकोस."

ती भिंतीकडून वळली. दहा पावलांवर वल्लरी उभी होती, सिनेमातल्या करड्या गणवेशात, केस घट्ट बांधलेले, चेहरा पावडरीने फिका केलेला. आई कोणत्या कागदापाशी उभी आहे हे तिने पाहिलं होतं. ती पुढे येत नव्हती. दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, नजर खाली घालून उभी होती. कॅमेरा पार पलीकडे होता आणि बंद होता.

"वल्लरी आहे का जवळपास?" अशोक हळू आवाजात विचारत होता. "तिच्यासमोर नको बोलूस हे. तिला यातलं काही कळायला नको."

विनयाने फोन कानापासून काढला. स्पीकरचं बटण दाबलं.

"पुन्हा सांग, अशोक," ती म्हणाली. "काय करणार आहेस तू, ते सांग. आम्ही दोघी ऐकतोय."

पलीकडे फाईल मिटल्याचा आवाज आला.

"नाही करत सही," अशोक म्हणाला.

वल्लरीने आधी मागे वळून जवळ कोण आहे ते पाहिलं. शिडीपाशी धीरज होता, त्याची पाठ होती. मग तिने आईच्या दिशेने एक पाऊल टाकलं.