एका यादीच्या दोन याद्या

मी एक जुना संगणक प्रोग्रॅम आहे, मित्रांनो. रक्तदात्यांच्या एका वेबसाइटचा पडद्यामागचा भाग. दवाखान्यातून कुणी रक्तगट आणि गाव लिहून बटण दाबले, की यादी धुंडाळायची आणि जवळच्या दात्यांची नावे व फोन नंबर काढून द्यायचे, हे माझे काम.

सात वर्षांपूर्वी साताऱ्यात संयोगिताने मला लिहिले. ती नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, सांगलीच्या एका संस्थेसाठी हे काम करायची. तिचे वडील हंबीरराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. चहाचा कप घेऊन ते तिच्या मागे उभे राहत.

"चालतंय न्हवं? मग परत परत काय पुसून लिवतीस?"

"आबा, आज मला कळतंय. उद्या दुसरं कुणी ह्यात हात घालंल, त्याला कळाय नको?"

माझ्या प्रत्येक तुकड्याला ती एकच काम द्यायची आणि नाव असे ठेवायची की वाचताच काम समजावे. दात्याचा फोन नंबर तिने एकाच जागी ठेवला होता. बदलायचा तिथेच आणि शोधायचाही तिथेच. शिवाय तिने माझ्यासाठी चाचण्या लिहिल्या. माझ्यात कुणी काही बदलले की त्या आपोआप चालत, आणि काही बिघडले असेल तर लाल अक्षरे दाखवत. पाटणच्या एका डॉक्टरांनी संस्थेला पत्र लिहिले होते, "दहा मिनिटांत दाता मिळाला." ते पत्र संयोगिताने आबांना दोनदा वाचून दाखवले. माझे ते सुखाचे दिवस होते.

पुढे तिला बेंगळुरूला नोकरी लागली आणि मी सांगलीच्या पृथ्वीराजकडे गेलो. माणूस हुशार, मनाचा चांगला. पण संस्थेची संगणकाची सगळी कामे त्या एकट्याच्या डोक्यावर. त्यात अध्यक्ष भाऊसो मोठे घाईचे.

"पृथ्वीराज, शनिवारी विट्याला शिबिर हाय. जाग्यावरच मोबाईलवरनं नोंदणी झाली पायजे."

"भाऊसो, दोन दिवसांत कसं व्हईल? नीट करायला पंधरा दिवस लागत्यात."

"नीट मागनं कर. आता चालतं कर."

पृथ्वीराजने काय करावे? त्याने माझा यादीचा भाग जसाच्या तसा उचलला, शेजारी चिकटवला आणि त्यातून शिबिराची वेगळी यादी केली. चाचण्यांनी लगेच लाल अक्षरे दाखवली. ते निस्तरायला वेळ नव्हता. मग त्याने चाचण्याच बंद केल्या आणि वर एक शब्द लिहिला, 'तात्पुरते'. शिबिर झकास झाले. भाऊसोंनी त्याच्या गळ्यात हार घातला. मग दुसरे शिबिर आले, तिसरे आले. तो शब्द तीन वर्षे तसाच राहिला.

आटपाडीकडचा धुळा नावाचा एक मेंढपाळ त्या विट्याच्या शिबिरात आला होता. त्याचा रक्तगट ओ निगेटिव्ह, फार थोड्यांचा असतो तो. त्याने आपला नवा फोन नंबर सांगितला. तो शिबिराच्या यादीत गेला. दवाखाने मात्र जुन्या यादीत शोधत होते, आणि तिथे त्याचा आधीचा, बंद पडलेला नंबर होता.

गेल्या वर्षी माया नावाची एक तरुण बाई सांगलीच्या एका दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली, पण रक्त थांबेना. तिचाही गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीतल्या दोन्ही पिशव्या संपल्या, तेव्हा सकाळी अकराला नर्सने मला विचारले. मी तीन नावे दिली. एक जण फौजेत, दूर सीमेवर. दुसरीने पंधरा दिवसांपूर्वीच रक्त दिलेले, इतक्यात पुन्हा देता येत नव्हते. तिसरा धुळा. नर्सने त्याला सात वेळा फोन लावला. त्याचा खरा नंबर माझ्यातच होता, मित्रांनो, शेजारच्या यादीत. पण तिकडे बघ असे मला कुणी लिहिलेच नव्हते. मी तोच बंद नंबर पुन्हा पुन्हा देत राहिलो.

दुपारी चारला माया गेली.

धुळा त्या दिवशी मेंढरे विकायला मिरजेत आला होता. दवाखान्यापासून अर्ध्या तासावर. आपला फोन लागला नाही, हे चार दिवसांनी गावातल्यांकडून त्याच्या कानावर आले, तसा तो तडक संस्थेत आला.

"मी नंबर दिल्ता. तुमच्याच माणसानं माझ्याम्होरं लिवून घेतला. मग मला फोन का न्हाई आला?"

पृथ्वीराजने मला उघडले. वरून खालपर्यंत वाचले. शिबिराच्या यादीत त्याला धुळाचा नवा नंबर सापडला. त्याने संयोगिताला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी ती सांगलीत हजर झाली. दोघे शेजारी बसून मला ओळ न ओळ वाचू लागले.

"चाचण्या कुणी बंद केल्या?"

"मी, ताई."

दारात भाऊसो उभे होते. "घाई माझी व्हती," ते म्हणाले. "त्याला बोलू नगा."

संयोगिताने आधी बंद केलेल्या चाचण्या पुन्हा चालू केल्या. तिने आणि पृथ्वीराजने आठवडाभर बसून दोन याद्यांची पुन्हा एक यादी केली. मग पृथ्वीराज मायाच्या सासूकडे, बयाबाईंकडे गेला. परत येऊन त्याने संयोगिताला सांगितले.

"सगळं सांगितलं, ताई. आजीनं इचारलं, फोन लागला असता तर वाचली असती का रं माझी माया? मी म्हणलं, ठाऊक न्हाई. तर म्हणाल्या, मग मलाबी कवाच कळायचं न्हाई. आन् नातीला उचलून आत गेल्या."

आता माझ्या चाचण्या चालू आहेत. धुळाचा नंबर कुणीही मागितला तरी बरोबर मिळतो. पण कुणी माझे कौतुक केले की मला ते ऐकवत नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखे प्रोग्रॅम लिहाल, कुणी जुने दुरुस्त कराल. हात लावण्याआधी आम्हाला नीट वाचा. वेळ कमी पडत असेल तर तो हट्टाने मागून घ्या. आम्हाला ओरडता येत नाही, म्हणून आमच्या वतीने बोलणाऱ्या चाचण्यांचे तोंड बंद करू नका. आम्ही कुणासाठी चालतो, हे आम्हाला दिसत नसते. ते तुम्हालाच आठवणीत ठेवावे लागते.

मायाची लेक आता पावले टाकू लागली आहे, असे पृथ्वीराज परवा संयोगिताला फोनवर सांगत होता. ती बयाबाईंनाच आई म्हणते.