वालबुर्गाच्या गालावरची हद्द

मित्रांनो, मी हद्दीचा दगड आहे. जुना, लाल, एका अंगाने झिजलेला. ब्रुंकेनफेल्डचे राजे वारले आणि दोघा मुलांनी संस्थान वाटून घेतले. आधीच ते एवढेसे, की सकाळी निघालेली बदके दुपारी परमुलखात पोचत! त्याच्याही दोन पात्या झाल्या, एकेका भावाची एक. माझ्या एका बाजूला थोरल्या पातीचा मुकुट कोरला, दुसऱ्या बाजूला धाकटीचा. गावच्या झऱ्यापलीकडे, नासपतीच्या झाडाखाली मला पुरले; गाव आणि झरा धाकटीकडे राहिले.

दगड पुरला की तिथेच एका पोराच्या थोबाडीत द्यायची आणि हातावर मधाचा पाव ठेवायचा, अशी आमच्याकडची रीत. मार खाल्लेली जागा माणूस जन्मभर विसरत नाही. पुढे तंटा झाला तर साक्ष त्याचीच. वेंडेलिन कुंभाराला मुलगा नव्हता. त्याने आपल्या वालबुर्गाला पुढे केले.

"अरे, पोरीला कुठे मारतात?" लोक हसले.

"गाल तिलाही आहे की!" म्हणत त्याने दिली ठेवून.

ती रडली नाही. पाव खाता खाता माझ्याकडे मात्र अशी बघत होती, जणू मीच मारले.

पन्नास वर्षांनी थोरल्या पातीला शिकारीच्या हरणांसाठी झरा हवासा वाटला. रविवारी गाव प्रार्थनेला गेले असताना कारभाऱ्याने मला उपटून चाळीस पावले अलीकडे रोवले. झरा गेला. गावाचे पिण्याचे पाणी गेले, बापामागे वालबुर्गा चालवत होती ते कुंभाराचे चाक थांबले. ती न्यायाधीशांपुढे उभी राहिली.

"दगड कुठे होता, आजीबाई?"

"नासपतीखाली, साहेब. हा डावा गाल अजून सांगतो."

कारभारी म्हणाला, "रीत मुलग्यांची आहे. पोरीला मारली ती नुसती मारहाण."

न्यायाधीश थोरल्या पातीच्या पंक्तीतले. त्यांनी मान डोलावली.

"मग ही थप्पड परत घ्या," वालबुर्गा म्हणाली. "पन्नास वर्षं फुकट सांभाळली मी."

मला दोन मुकुट होते, जीभ नव्हती. मरेपर्यंत ती दूरच्या नदीवरून पाणी वाहत माझ्यासमोरून गेली. पुन्हा कधी तिने माझ्याकडे पाहिले नाही.

पुढे धाकटी पाती निपुत्रिक गेली. थोरलीला एकच मुलगी झाली. तिला वारस म्हणून धरले नाही, आणि ब्रुंकेनफेल्ड शेजाऱ्याच्या राज्यात विरून गेले.

आता माझ्याभोवती सुबक कठडा आहे, वर पाटी आहे: 'राजघराण्याची मूळ हद्द'. शाळेची मुले येतात, ती पाटी वहीत उतरवून घेतात.

मित्रांनो, जुने दगड जरूर जपा. माझ्यावरचे शेवाळही काढा. पण पाटी वहीत उतरवून घेण्याआधी एकदा त्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. मी अजून चाळीस पावले खोटा उभा आहे.